काम, खेळ आणि तालीम : जात्यापासून पडद्यापर्यंत वयस्क स्त्रीच्या व्यायामाचा इतिहास (बुऱ्हाणपूरच्या संदर्भात)

प्रास्ताविक

व्यायामाचा इतिहास आपल्याकडे बहुधा आखाड्यापासून सुरू होतो आणि क्रीडांगणापाशी संपतो. या दोन्ही ठिकाणी साठ वर्षांची स्त्री आढळत नाही. शाळा-महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षणाने मुलींना थोडीफार जागा दिली. मात्र त्या मुलीची आई आणि आजी यांच्या शरीराचा विचार इतिहासकाराने केला नाही, आणि शिक्षणसंस्थांनीही फारसा केला नाही. गेल्या काही वर्षांत टीव्हीच्या पडद्यासमोर उभे राहून अंग हलवीत खेळावयाचे व्हिडिओ गेम निघाले आणि ज्येष्ठांच्या, विशेषतः ज्येष्ठ महिलांच्या व्यायामासाठी त्यांचा उपयोग होतो काय, यावर जगभर संशोधन झाले. वरवर पाहता हा विषय आपल्या इतिहासापासून दूरचा वाटतो. तो तसा नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, आपल्या प्रदेशात स्त्रीच्या शरीराला जो व्यायाम घडला तो 'व्यायाम' या नावाने कधीच घडला नाही. तो 'काम' किंवा 'खेळ' या नावांनी घडला. वाढत्या वयाबरोबर खेळ सुटला, यंत्र आल्यावर काम सुटले आणि वयस्क स्त्रीच्या वाट्याला बसून राहणे आले. पडद्यावरील खेळाचे महत्त्व त्याच्या यंत्रात फारसे नाही. ते व्यायाम पुन्हा 'खेळ' या नावाने घरात आला, यात आहे. या चर्चेसाठी बुऱ्हाणपूर हे शहर मध्यवर्ती घेतले आहे. तापीकाठचे हे शहर आज मध्य प्रदेशात असले तरी जळगाव जिल्ह्याला लागून आहे. उर्दू, मराठी, हिंदी, निमाडी आणि खानदेशी बोली येथे एकाच बाजारात ऐकू येतात. त्यामुळे स्त्रियांच्या श्रमाचे आणि खेळाचे दोन्ही भाषांतील धागे येथून एकत्र पाहता येतात.

शब्दांचा पुरावा

प्रथम शब्दांकडे पाहू. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मूळ अरबी शब्दाचा अर्थही शिकवणे हाच. मराठीत मात्र 'तालीम' म्हटले की लाल माती, लंगोट आणि कुस्ती डोळ्यांसमोर येते, तर नाटकवाल्यांच्या तोंडी तोच शब्द सरावासाठी येतो. 'कसरत' हा शब्द अरबीत विपुलतेसाठी आहे. एकच क्रिया पुष्कळ वेळा करणे या अर्थाने तो व्यायामाला लागला असावा असे वाटते. 'पहिलवान' फारसी, 'वस्ताद' हे फारसीतील 'उस्ताद'चे मराठी रूप, आणि 'जोर' काढणे यातील 'जोर'ही फारसीच. 'लेझीम' म्हणजे मुळात सरावासाठी वापरावयाचे साखळीचे धनुष्य. मराठी मुलुखात व्यायामाची संस्कृती हिंदू-मुसलमान अशी वेगळी नांदली नाही, याची साक्ष हे शब्द देतात. वडोदऱ्याचे प्रसिद्ध व्यायामतज्ज्ञ प्रा. माणिकराव हे जुम्मादादांचे शिष्य होते. त्याच वडोदऱ्यातून द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध केला. बुऱ्हाणपूरच्या आग्नेयेस वऱ्हाडात अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली.

हा वारसा अभिमानास्पद आहे. परंतु त्याचा शब्दसंग्रह जवळजवळ पूर्णपणे पुरुषांचा आहे. 'पहिलवान' आणि 'वस्ताद' या शब्दांना रूढ स्त्रीलिंगी रूपे नाहीत. एक 'लेझीम' तेवढी शाळेच्या मार्गाने मुलींच्या हाती आली. स्त्रियांच्या अंगमेहनतीचे शब्द निराळे आहेत. दळण, कांडण, चरखा, कांडी भरणे हे कामाचे शब्द, आणि फुगडी, झिम्मा, पिंगा, झूला हे खेळाचे. या शब्दांना कोणी व्यायाम म्हटले नाही. म्हणून व्यायामाच्या इतिहासात त्यांची नोंद झाली नाही.

बुऱ्हाणपूर : नोंद कोणाची राहिली

नोंदींचा हाच प्रश्न बुऱ्हाणपूरच्या इतिहासातही येतो. फारुकी घराण्यातील नासिरखानाने चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या संधीवर हे शहर वसविले आणि चिश्ती सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. पलीकडच्या तीरावरील झैनाबाद हे त्यांचे खलिफा झैनुद्दीन शिराझी यांच्या नावाने ओळखले जाते. १६०१ साली असीरगड पडल्यावर खानदेश मोगलांकडे गेला. त्यानंतर बुऱ्हाणपूर दक्षिणेच्या सुभेदारीचे केंद्र आणि कापडाची मोठी पेठ झाले. सतराव्या शतकात येथे येऊन गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने येथून दूरदेशी जाणाऱ्या तलम कापडाची नोंद केली आहे.

या शहरातील स्त्रीचा इतिहास म्हटला की बेगम मुमताज महल यांचे नाव येते. १६३१ च्या जून महिन्यात चौदाव्या बाळंतपणात येथेच त्यांचे निधन झाले आणि झैनाबादच्या आहुखान्यात त्यांचे प्रथम दफन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे अडतीस होते. किल्ल्यातील रंगीत छताचा हमामखाना आजही पाहावयास मिळतो. मात्र ज्या घरांतून ते तलम कापड निघाले, तेथे सूत कातणाऱ्या आणि पहाटे दळण दळणाऱ्या स्त्रियांसंबंधी दरबारी तवारिखा काहीही सांगत नाहीत. या स्त्रियांची माहिती हवी असेल तर दुसरीकडे पाहावे लागते, आणि तेथे दख्खनी उर्दू व मराठी या दोन्ही भाषा आपल्या मदतीस येतात.

चक्कीनामा आणि जात्यावरची ओवी

बुऱ्हानुद्दीन गरीब यांनी दौलताबाद-खुलताबाद परिसरात रुजविलेली चिश्ती परंपरा पुढे दक्षिणेत पसरली. विजापूरच्या सूफींनी सतराव्या-अठराव्या शतकांत दख्खनी भाषेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' ही गीते रचली. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७४ मधील एका निबंधात आणि १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांचा सविस्तर अभ्यास केला. या गीतांत जात्याच्या खुंट्याची तुलना 'अलिफ' या अक्षराशी केलेली आढळते, तर चरख्याची फेरी आणि जिक्रची लय यांचा मेळ घातलेला आढळतो. मदरशात न जाणाऱ्या स्त्रियांपर्यंत दीनची मूलतत्त्वे अशा गीतांद्वारे पोहोचली, हे ईटन यांचे प्रतिपादन आपल्या अध्यापकांना परिचित असेल.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाजू महत्त्वाची आहे. सूफींनी स्त्रीला कामावरून उठवून धडा दिला नाही. तिच्या हाताची जी लय आधीच चालू होती, तिच्यावर त्यांनी धडा बसविला. म्हणजे शरीराची आवर्तने, गाण्याचा ठेका, सोबतीण आणि तालीम या चारही गोष्टी एकाच ठिकाणी आल्या.

मराठीतील जात्यावरच्या ओवीचे स्वरूप याहून वेगळे नाही. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. पुढे 'पारी' या संस्थेने २०१७ पासून हा संग्रह लोकांसमोर आणला. त्यात माहेर, भाऊ, लेक, सासुरवास आणि देव यांच्याबरोबरच डॉ. आंबेडकरांवरील ओव्याही आहेत. जाते अनेकदा दोघी मिळून ओढीत. दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालीत, एक पुढे झुकली की दुसरी मागे जाई. खांदे, पाठ, कंबर आणि पोट यांना यातून किती श्रम पडत असतील ते वेगळे सांगावयास नको.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दळणाचे गुणगान करणे हा या लेखाचा हेतू नाही. दळण हे कष्ट होते. घरातील सर्व माणसे झोपेत असताना उठून, आजारपणात आणि गरोदरपणातही ते करावे लागे. ओव्यांतील दुःख याच कष्टातून आले आहे. विजेवर चालणारी पिठाची गिरणी आली तेव्हा स्त्रियांची पहाट सुटली. या मुक्तीचे मोल कमी लेखणारा इतिहास खोटा ठरेल. प्रश्न एवढाच आहे की, कष्ट गेल्यावर त्यांच्यात गुंतलेली हालचाल, गाणे आणि सोबत यांचे काय झाले?

खेळ आणि वयाची मर्यादा

कामाबरोबर खेळही होते. खानदेश-वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत मुली टिपऱ्या खेळतात. बुऱ्हाणपूरच्या मराठीभाषक वस्तीलाही भुलाबाई परकी नाही. श्रावणातील मंगळागौर नवविवाहितेची. तिच्यातील बसफुगडी, दंडफुगडी, झिम्मा, पिंगा, सूप नाचविणे या प्रकारांत उकिडवे बसून उड्या मारणे, गिरकी, वाकणे, तोल सांभाळणे असे सर्व काही येते. उर्दूभाषक घरांत सावनातील झूला, लग्नघरातील ढोलक आणि रात्र-रात्र चालणारी गाणी होती. भाषा आणि धर्म वेगळे असले तरी रीत एकच होती : पुरुषांपासून दूर, आपसांत, गाण्याच्या तालावर.

परंतु या सर्व खेळांना वयाची मर्यादा होती. भुलाबाई कुमारिकांची, मंगळागौर लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांची, झूला तरुण मुलींचा. वयस्क स्त्री कडेला बसून गाणे सांगे, टाळी देई आणि चुकले तर टोके. 'या वयात हे शोभते का?' हे वाक्य दोन्ही भाषांत सारखेच ऐकू येते. म्हणजे यंत्र येण्यापूर्वीच आजीचा खेळ सुटला होता. तिच्या शरीराला राहिले होते ते फक्त काम.

धर्माच्या बाजूने पाहिले तर स्त्रीच्या खेळाला आणि वाढत्या वयाला असा विरोध दिसत नाही. 'सुनन अबू दाऊद' या हदीस संग्रहात हजरत आयशा (रजि.) यांची प्रसिद्ध रिवायत आहे. प्रवासात हुजूर (स.) आणि त्या यांच्यात धावण्याची शर्यत झाली, तेव्हा त्या पुढे गेल्या. पुढे त्यांचे अंग भरल्यानंतर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा हुजूर (स.) पुढे गेले आणि ही पहिल्या शर्यतीची परतफेड असल्याचे त्यांनी विनोदाने म्हटले. अंग जड झाले म्हणून दुसरी शर्यत टळली नाही, हे या रिवायतीतून लक्षात घेण्यासारखे आहे. शोभण्या-न शोभण्याची मर्यादा रिवाजाची आहे.

यंत्र आले, हालचाल गेली

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरातील कामाचे स्वरूप बदलले. गिरणीने जाते हटविले, नळाने विहिरीवरचा रहाट हटविला, गॅसने सरपण हटविले. विणकरांच्या शहरात याला आणखी एक पदर आहे. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव, भिवंडी आणि बुऱ्हाणपूर येथे वस्ती केली. हातमागावर विणणारा एक असला तरी त्याच्यामागे घरातील स्त्रियांचे हात असत. सूत उकलणे, ताणा तयार करण्यास मदत करणे, कांड्या भरणे ही कामे वयस्क स्त्रियाही करीत. यंत्रमाग आल्यावर काम कारखान्यात गेले. घरी जे उरले ते बहुधा बसून करावयाचे आणि कमी मोबदल्याचे.

आता आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील लोकसंख्या सुमारे १०.४ कोटी होती आणि त्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक, म्हणजे सुमारे ५.३ कोटी होत्या. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, महाराष्ट्रात पाहणी केलेल्यांपैकी ९१.३ टक्के लोक फावल्या वेळात व्यायाम किंवा खेळ असे काहीच करीत नव्हते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी होती. पुरुषांत हेच प्रमाण ४२ टक्के होते.

याचा परिणाम वयस्क स्त्रीवर अधिक होतो. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्ती साधारणतः सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास येते आणि त्यानंतर हाडांची घनता झपाट्याने घटते. पायांचे स्नायू वापराअभावी क्षीण होतात आणि तोल जाऊ लागतो. मग न्हाणीघरात किंवा उंबऱ्यावर एक पडणे पुरते. खुब्याचे हाड मोडले की पुष्कळ स्त्रिया पुन्हा पूर्वीसारख्या चालू शकत नाहीत, आणि पडण्याची भीती बसली की हाड न मोडताही हिंडणे-फिरणे थांबते. अशा घरात बहुधा सून किंवा नात यांच्यावर शुश्रूषेचा भार पडतो. शिकणाऱ्या मुलीची महाविद्यालयातील गैरहजेरी आणि घरातील आजीचे पडणे यांचा संबंध अध्यापकांच्या नजरेस आला असेलच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पासष्ट वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व शक्ती वाढविणारे व्यायाम सांगितले आहेत. सल्ला योग्य आहे. मात्र आपल्या मोहल्ल्यांतील वयस्क स्त्रीसाठी सकाळी फिरावयास मोकळी व निवांत जागा नाही, व्यायामशाळा पुरुषांची, आणि 'व्यायाम' हा शब्दच तिला आपला वाटत नाही.

पडद्यावरचा खेळ : एक छोटा इतिहास

या पार्श्वभूमीवर हालचालीच्या व्हिडिओ गेमचा इतिहास पाहावा. व्हिडिओ गेम म्हणजे बसून बोटे चालविणे, ही सर्वसाधारण समजूत. तिला छेद देणारे प्रयोग जपानमध्ये लवकर सुरू झाले. १९८६ साली बंदाई कंपनीने पायांनी दाबावयाची चटई आणली. १९९८ साली कोनामीचा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आला. त्यात पडद्यावर बाण येत आणि गाण्याच्या ठेक्यावर त्याच दिशेच्या चौकोनावर पाय टाकावा लागे. हे खेळ मुलांचे आणि तरुणांचे होते.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये निन्टेन्डोचे 'वी' हे यंत्र बाजारात आल्यावर चित्र बदलले. हातातील छोटी कांडी हलविली की पडद्यावरील बॅट किंवा चेंडू हले. घरातील सर्व वयांच्या माणसांनी खेळावे, हा कंपनीचा उघड हेतू होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील वृद्धनिवासांत या यंत्रावर बोलिंगच्या स्पर्धा रंगू लागल्या. २००७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये 'वी फिट' आला. त्यात पायाखाली एक फळी असे आणि उभे राहणाऱ्याचा तोल कोणीकडे झुकतो ते पडद्यावर दिसे. त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो यांना ही कल्पना घरी रोज वजन करण्याच्या आपल्या सवयीतून सुचली होती. 'वी' यंत्रे जगभर दहा कोटींहून अधिक विकली गेली. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टचे 'किनेक्ट' आले आणि ते भारतातही विकले गेले. त्यात हातात काहीच धरावे लागत नसे. कॅमेरा सबंध शरीराची हालचाल ओळखे.

मात्र ही लाट टिकली नाही. 'वी'चे उत्पादन २०१३ साली थांबले, 'किनेक्ट'चे २०१७ साली. २०१९ मध्ये निन्टेन्डोने 'रिंग फिट ॲडव्हेंचर' हा नवा खेळ आणला आणि तोही खूप खपला. पण जुनी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि त्यांवर बेतलेले उपचारक्रम मागे पडले. एखादी संस्था केवळ यंत्राच्या भरवशावर कार्यक्रम उभारील तर दहा वर्षांत तिच्या हाती काय उरेल, याचा हा धडा आहे.

पुरावा काय सांगतो

या खेळांचा वयस्कांना खरोखर उपयोग होतो काय? डेन्मार्कमध्ये सरासरी ७५ वर्षे वयाच्या ५८ व्यक्तींवर दहा आठवड्यांचा एक प्रयोग झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. 'वी'वर खेळणाऱ्यांच्या पायांची शक्ती दुसऱ्या गटाच्या तुलनेत १८ टक्क्यांनी वाढली. मात्र स्थिर उभे राहून मोजलेल्या तोलात फरक आढळला नाही. छोट्या प्रयोगांचे निष्कर्ष पुष्कळदा असेच संमिश्र आले आहेत.

याहून मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियात सिडनी येथील संशोधकांनी केला आणि तो २०२४ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. पासष्ट वर्षांवरील ७६९ व्यक्तींपैकी एका गटाला घरी चटईवर पाय टाकून खेळावयाचे खेळ दिले, दुसऱ्या गटाला तेच खेळ बसून हातांनी खेळावयास दिले आणि तिसऱ्याला फक्त माहिती दिली. वर्षभरात पायांनी खेळणाऱ्या गटात पडण्याचे प्रमाण तिसऱ्या गटापेक्षा २६ टक्क्यांनी कमी राहिले. बसून खेळणाऱ्यांत असा ठोस फरक दिसला नाही. म्हणजे गुण पडद्याचा नाही. वेळेवर, योग्य जागी, पटकन पाऊल टाकण्याच्या सवयीचा तो आहे.

याच्या जोडीला २०१९ सालचा कॉक्रेन आढावा ठेवावा. २५ देशांतील १०८ प्रयोग आणि २३ हजारांहून अधिक ज्येष्ठ व्यक्ती यांच्या आधारे त्यात असे आढळले की, सर्वसाधारण व्यायामानेही पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. यंत्र आणि बिनयंत्र यांच्या फलात फार अंतर दिसत नाही. अंतर पडते ते टिकून राहण्यात. जो व्यायाम माणूस आवडीने वर्षभर करील तोच उपयोगी, आणि खेळ, गुणसंख्या व सोबत यांमुळे तो आवडतो. जात्यापाशी गाणे आणि सोबतीण यांनी जे केले, तेच पडद्यावर संगीत आणि गुण यांनी केले. महाराष्ट्रातच याचा आणखी एक दाखला आहे. पुण्या-मुंबईत गेल्या काही दशकांत मंगळागौरीचे खेळ करणारे मध्यमवयीन स्त्रियांचे गट उभे राहिले. व्यायामशाळेत कधी न गेलेल्या स्त्रिया 'खेळ' म्हटल्यावर नियमाने सरावाला येऊ लागल्या.

महाविद्यालयांनी काय करावे

आपल्या समाजाच्या संस्थांनी मुलींच्या शिक्षणासाठी कष्ट घेतले. त्याच मुलींच्या माता-आजींसाठी महाविद्यालयाची एक खोली आठवड्यातून तीन दुपारी उघडी राहू शकते. स्त्रियांची वेगळी जागा, ओळखीच्या विद्यार्थिनी आणि बंद दार, एवढ्याने पडद्याचा व संकोचाचा प्रश्न बराच सुटतो.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. जपानमधील संशोधकांनी २००६ साली मांडलेला चौकोन-पावलांचा व्यायाम येथे उपयोगी आहे. शंभर सेंटिमीटर रुंद आणि अडीच मीटर लांब चटईवर २५ सेंटिमीटरचे चाळीस चौकोन आखावयाचे आणि पुढची दाखवील त्या क्रमाने पावले टाकीत जावयाचे. आपल्या ठिकरीच्या खेळाशी याचे साम्य उघड आहे. यात मात्र लंगडी घालावयाची नाही आणि उडी मारावयाची नाही. खडूने आखलेली फरशीही चालेल. ती कोरडी असावी, पायांत मोजे नसावेत, शेजारी भिंत किंवा भक्कम खुर्ची आणि एक विद्यार्थिनी असावी. ज्यांना चक्कर येते, हृदयविकार आहे, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा अलीकडे हाड मोडले आहे, त्यांनी प्रथम डॉक्टरांना विचारावे. जेथे टीव्ही किंवा मोठ्या पडद्याची सोय आहे तेथे चित्रफितीच्या ठेक्यावर हाच खेळ घेता येईल.

प्रगती मोजण्यासाठी रिक्ली आणि जोन्स यांची १९९९ सालची चाचणी पुरेशी आहे. भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवरून हात छातीशी बांधून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावयाचे. अमेरिकी स्त्रियांत ६० ते ६४ वयोगटासाठी १२ ते १७, ६५ ते ६९ साठी ११ ते १६ आणि ७० ते ७४ साठी १० ते १५ ही सर्वसाधारण मर्यादा आढळली आहे. आपल्याकडे हे आकडे केवळ तुलनेसाठी ठेवावेत. खरी तुलना प्रत्येकीची स्वतःच्या मागील महिन्याशी व्हावी. ज्या स्त्रियांना गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून नमाज अदा करावी लागते, त्यांना ही चाचणी चटकन समजते. नमाज ही इबादत आहे, तिला व्यायाम म्हणू नये. पण सजद्यातून आधाराविना उठता यावे ही पुष्कळ वयस्क स्त्रियांची मनापासूनची इच्छा असते. पायांत बळ राहावे यासाठी तिच्याइतके सबळ कारण दुसरे क्वचितच सापडेल.

दुसरे काम इतिहास आणि भाषा विभागांचे आहे. बुऱ्हाणपूर, रावेर, मालेगाव या पट्ट्यात जाते ओढलेल्या, कांड्या भरलेल्या, चक्कीची दख्खनी-उर्दू गाणी आणि मराठी ओव्या कानांवर पडलेल्या स्त्रिया आता थोड्या उरल्या आहेत. त्यांची गाणी नोंदविताना त्यांच्या हालचालीही नोंदवाव्यात : कोण समोर बसे, हात कधी बदलत, किती वेळ चाले, गाणे कोण उचले. गीतांचे शब्द आपण पुष्कळ जपले, शरीर जपले नाही. आणि ही नोंद घेण्यासाठी ज्या दुपारी या स्त्रिया महाविद्यालयात येतील, त्याच दुपारी चौकोनांचा खेळही घेता येईल.

समारोप

जात्यापासून पडद्यापर्यंतच्या या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. वयस्क स्त्री व्यायाम करीत नाही, ही तक्रार अर्धवट आहे. तिला व्यायामाच्या नावाने कोणी कधी बोलावलेच नाही. कामाने तिला राबविले, खेळाने वयाचे कारण सांगून बाजूला बसविले आणि यंत्राने कामातून सोडविले, पण दुसरे काही हाती दिले नाही. पडद्यावरच्या खेळांनी हे उघड केले की, सत्तरीतील स्त्रीही खेळ म्हटल्यावर उभी राहते. ती यंत्रे आली आणि गेली. उभे करण्याची युक्ती मात्र चक्कीनामा रचणाऱ्या सूफींना आधीच ठाऊक होती : जिथे लय आहे तिथे धडा न्यावा. उर्दूतील 'तालीम' आणि मराठीतील 'तालीम' हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपल्या संस्थांनी पहिल्या अर्थाने मुलींसाठी दारे उघडली. दुसऱ्या अर्थाने ती त्यांच्या आजींसाठी उघडावयाची आहेत.